बाजेखालची शेगडी

आमच्या आजीच्या गोष्टींत राजाराणी नसायचे, बाळंतपणं असायची. कोण पायाळू जन्मलं, कुणाची वार अडकली, कुणाच्या वेळी कृष्णेला पूर आला म्हणून सुईण पलीकडेच राहिली. साल विचारलं की ती म्हणायची, "तात्यांच्या वेळेला."

बाळंतिणीची खोली माजघराच्या मागे. खिडकी एकच, तीही चिंध्या कोंबून बंद केलेली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली. धुराने डोळे चुरचुरायचे. अंगाला तेल, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, कानाला फडकं. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू. पाणी मात्र मोजून! अंगावर पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडणाऱ्या त्या नियमाचं कौतुक मला करवत नाही, धुराचंही नाही.

पण त्याच खोलीतला दुसरा नियम मला पटतो. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही. कारण काय, तर सटवाई, नजर, बाहेरचं. उशाशी विळा आणि पायथ्याशी कुणीतरी बाईमाणूस, असा सव्वा महिना. विटाळामुळे ती चुलीजवळ जात नसे, म्हणजे हातात लाटणंही येत नसे. अर्थात ही चैन बऱ्या घरांची. आमच्याच शेतावरच्या बायका बाराव्या दिवशी खुरपायला यायच्या, हे आजी ओघात सांगून पुढे जायची. गिरणीतल्या बाईला तर रजेसाठी कायदाच लागला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला.

मनाचं काय? आजीची धाकटी जाऊ दुसऱ्या खेपेला बाळाकडे पाठ करून झोपू लागली. दूध दाटून छाती दगड झाली तरी पाजेना. घास तोंडात तसाच धरून बसे. मांत्रिक झाला, अंगारा झाला, मिरच्या ओवाळून झाल्या. आजीने तिच्या बाजेला लागून आपलं अंथरूण टाकलं. "औषध मला काय ठाऊक? पण रात्री ती उठली की मी उठायची." बाळ दुसऱ्या लेकुरवाळीने पाजलं. पाऊस संपता संपता जाऊबाई सावरल्या. श्रेय अंगाऱ्याला मिळालं. वरच्या आळीतली एक बाळंतीण मात्र विहिरीवर सापडली. ती गोष्ट आजीने कधी सांगितली नाही, इतर बायकांकडून कळली.

आता लाडू कुरिअरने येतात, मालिशवाली तासाच्या हिशेबाने येते, आणि दुपारी दार ओढून घेतलं की फ्लॅटमध्ये आई आणि बाळ दोघंच. आपण शेगडी टाकली ते बरं केलं. पायथ्याची बाईही तिच्याबरोबर टाकली, ते वाईट केलं.

पहिल्या काही दिवसांतलं विनाकारण रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, तर ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहे. भलतेसलते विचार किंवा भास होऊ लागले तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटं न ठेवता थेट डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.