गरज आणि गुन्हा



आम्ही वकील नव्हे. कामगारांचे खटले घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यातील बाकावर वर्षानुवर्षे बसणे झाले, तीच आमची शाळा. तेथे एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले : "काय करणार साहेब, गरजच तशी होती!" या वाक्याला कायदा काय उत्तर देतो, हे पाहण्यासाठी आज आपल्याला १८८४ सालच्या इंग्लंडात जावयाचे आहे.

कृत्य हातून घडले हे मान्य करूनही इंग्रजी फौजदारी कायद्यात आरोपीला सुटकेच्या काही वाटा आहेत. वेडाच्या बचावाची कसोटी १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणातून निघाली. दहा वर्षांखालील मुलाला आज तेथे गुन्हेगार धरीत नाहीत. अंगावर चालून आलेल्याला वाजवी बळाने परतविता येते. जिवाच्या धाकाने केलेले कृत्यही पुष्कळदा माफ होते. खून मात्र होत नाही. मग उपासमारीचे काय?

१९ मे १८८४ रोजी 'मिन्योनेट' नावाचे शिडाचे लहान जहाज साउदॅम्प्टनहून सिडनीकडे निघाले. त्यावर चौघे होते : कप्तान डडली, स्टीव्हन्स, ब्रुक्स आणि सतरा वर्षांचा पोऱ्या रिचर्ड पार्कर. ५ जुलैला भर समुद्रात जहाज बुडाले. चौघे उघड्या होडीत आले. जवळ सलगमाचे दोन डबे. गोडे पाणी नाही. मध्ये एक कासव सापडले, तेही संपले. विसाव्या दिवशी स्टीव्हन्सच्या संमतीने डडलीने त्या पोराला मारले. ब्रुक्सने संमती दिली नव्हती. पण त्या मांसावर तिघेही जगले. चौथ्या दिवशी एका जहाजाने त्यांना उचलले.

मायदेशी उतरल्यावर डडलीने काहीच लपविले नाही. ज्यूरीने घडलेली हकीकत नमूद केली आणि हा खून होतो की नाही, हा प्रश्न न्यायाधीशांवर सोपविला. ९ डिसेंबरला सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी निर्णय दिला : हा खूनच. गरज किती मोठी, हे ठरविणार कोण? कोणाचा जीव कमी मोलाचा, हे मोजावयाचे कशाने? डडली आणि स्टीव्हन्स यांना फाशी सुनावली गेली. पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

हा निकाल प्रथम वाचला तेव्हा आम्हाला राग आला. पोटभर जेवलेल्या न्यायमूर्तींना वीस दिवसांची भूक काय कळणार? पण पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट बोचली. चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. गरज चौघांची; पण निवडला गेला तो वयाने सर्वांत लहान, खारे पाणी पिऊन आजारी पडलेला, प्रतिकार न करू शकणारा. कारखान्याच्या फाटकाशी आम्ही हेच पाहत आलो. मंदी आली, 'नाइलाज आहे' असे वरून सांगितले गेले, की पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरावर! नाइलाज कोणाचा आणि भोग कोणाच्या वाट्याला, हा कोलरिजसाहेबांचा प्रश्न आम्हाला आपला वाटला.

तथापि दुसरी बाजूही आहे. लंडनच्या सदक विभागात बेघर कुटुंबे नगरसंस्थेच्या रिकाम्या घरांत शिरली. खटला दिवाणी होता. लॉर्ड डेनिंग यांनी गरजेचा बचाव नाकारला. भुकेने चोरी माफ केली, तर कोणाचेच घर सुरक्षित राहणार नाही, असा त्यांचा रोख होता. येथे मात्र आमचे मन मान डोलवीत नाही. या घरांसाठी कोणाचा जीव घेतला गेला नव्हता.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत असे बचाव एका प्रकरणात गोळा केले होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत आहेत. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने, गुन्हेगारी हेतू न ठेवता केलेल्या कृत्याला तेथे जागा आहे. पण नुसत्या भुकेला तेथेही आपोआप माफी नाही.

तेव्हा कोर्टाने भुकेला सबब मानावयाचे नाही असे ठरले, तर होडीत सलगमाचे दोनच डबे राहू न देणे, हे काम कोर्टाबाहेरच्या आपणा सर्वांचे ठरते. आमची संघटना त्यासाठीच आहे.