ग्रानाडाच्या ताटातले शब्द

कामानिमित्त स्पेनला गेलेल्या माझ्या धाकट्या भावाने ग्रानाडाच्या एका टापास-हॉटेलातून मेनूकार्डाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "आपा, यात आपल्याला खाण्याजोगं काय आहे?"

टापास म्हणजे पेयाबरोबर येणाऱ्या लहान लहान बशा. 'तापा' याचा मूळ अर्थ झाकण. पेल्यावर झाकण म्हणून पावाचा किंवा मांसाचा तुकडा ठेवत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्याला राजेरजवाड्यांच्या दंतकथाही जोडलेल्या आहेत, त्या सोडून देऊ. ग्रानाडात आजही बऱ्याच ठिकाणी पेय मागवले की एक बशी फुकट येते. पेय बहुधा मद्य, आणि छताला डुकराच्या मांड्या टांगलेल्या. भावाचा प्रश्न रास्त होता.

मला स्पॅनिश येत नाही. पण उर्दू शिकवणारीला ते कार्ड परके वाटेना. आसेइतूना म्हणजे 'अज्-जैतूना', भाताचे आरोस म्हणजे 'अर्-रुज्ज', साखरेचे आसूकार म्हणजे 'अस्-सुक्कर', केशराचे आसाफ्रान म्हणजे 'अज्-जाफरान'. आलबोंदिगास म्हणजे आपले कोफ्ते; मूळ शब्द 'अल्-बुंदुका', एका गोल कवचीच्या फळाचे नाव. आपली 'बंदूक' त्याच घराण्यातली. सिरक्यात मुरवलेल्या मासळीला एस्काबेचे म्हणतात, ते फारसी 'सिकबाज'. त्यातला 'सिक' म्हणजे सिरका आणि 'बा' तोच, जो आपल्या शोरब्यात आहे.

सर्वांत लांबचा प्रवास वांग्याचा. संस्कृतातले वातिंगण फारसीत बादिंगान झाले, अरबीत बाजिंजान आणि स्पेनमध्ये बेरेनहेना. तेच पोर्तुगीजांच्या तोंडी बेरिंजेला होऊन हिंदुस्थानात परतले आणि इंग्रजी शाळांत 'ब्रिंजल' बनले! अंदालुसियात वांग्याचे काप तळून त्यावर 'मिएल दे कान्या' घालतात. शब्दशः उसाचा मध. म्हणजे आपली काकवी. ऊस त्या किनाऱ्यावर अरबांनीच नेला.

इथे थोडे थांबले पाहिजे. 'सगळे आपणच दिले' म्हणण्याचा मोह आपल्याला फार होतो. जैतुनाची झाडे स्पेनमध्ये रोमन काळापासून होती आणि तिथले तेल रोमपर्यंत जात असे. अरबांचे राहिले ते नाव. बटाटा, टोमॅटो, मिरची १४९२ नंतर अमेरिकेतून आली. बगदादहून ८२२ साली कुर्तुब्याला आलेल्या जिर्याबने पदार्थ क्रमाने वाढण्याची रीत शिकवली असे लिहितात, पण त्याच्या नावावर आख्यायिकाही पुष्कळ चढल्या आहेत.

आमच्या वर्गात अंदलुस येतो तो इक्बालांच्या 'मस्जिद-ए-कुर्तुबा'मधून. इक्बाल १९३३ साली तिथे गेले होते. मुलांना मिनार, मेहराब आणि खलिफांची नावे पाठ होतात. चूल कुणी शिकवत नाही. खरे तर शेवटची लढाई चुलीपाशीच झाली.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडा पडले. धर्म आणि चालीरीती सुरक्षित राहतील असे तहात लिहिले होते. १४९९ पासून जबरदस्तीची धर्मांतरे सुरू झाली, आणि १५०२ मध्ये कास्तील राज्यातल्या मुस्लिमांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना मोरिस्को म्हणत. मग धर्म-न्यायालय त्यांच्या घरात डोकावू लागले. डुकराचे मांस नको म्हणणे, दारू न पिणे, जमिनीवर बसून कुसकुस खाणे, दिवसा उपाशी राहणे, हे सगळे आरोप झाले. ज्यूंच्या बाबतीत तर मांस चरबीऐवजी तेलात शिजवणे हीच खूण मानली गेली. आज जैतुनाच्या तेलाशिवाय स्पेनची चूल पेटत नाही! आरोपींत बायका पुष्कळ होत्या, कारण रांधणाऱ्या त्याच.

१५६७ मध्ये अरबी बोलण्यालिहिण्यावर, पोशाखावर, हमामांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय या वृद्ध मोरिस्को सरदाराने अर्ज केला, की हे रिवाज प्रांताचे आहेत, धर्माचे नव्हेत. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतातच. कुणी ऐकले नाही. बंड झाले, मोडले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढले.

त्यानंतर वर्षभरात, १६१५ साली, सर्व्हान्तेसच्या 'दोन किखोते'चा दुसरा भाग आला. त्यात सांचोला त्याचा जुना शेजारी, मोरिस्को दुकानदार रिकोते भेटतो. हद्दपार झालेला हा माणूस परदेशी यात्रेकरूच्या वेषात लपून परतला आहे. सगळे गवतावर बसून खातात: पाव, मीठ, अक्रोड, चीज, जैतून, मद्याच्या पखाली. आणि मांस उरले नसले तरी चघळता येतील अशी डुकराची हाडे. टापासचेच ताट म्हणा ना. ती हाडे मला भुकेसाठी मांडलेली वाटत नाहीत. ती दाखवण्यासाठी मांडली आहेत. आपल्याच गावात परतायला ज्याला असे हाड पुढे ठेवावे लागते, त्याच्या घासाची चव काय असेल? त्याच भागात सांचो कथेच्या मूर लेखकाचे, सीदे हामेते बेनेंगेलीचे, नाव चुकवून 'बेरेनहेना' म्हणतो आणि मूरांना वांगी आवडतात असे वर सांगतो. वांगे तोवर चेष्टेचा विषय झाले होते.

याआधी तीनशे-साडेतीनशे वर्षे मुर्सियाचा इब्न रजीन गाव सोडून शेवटी ट्युनिसला पोहोचला आणि तिथे त्याने अंदलुसच्या पदार्थांचे मोठे पुस्तक लिहिले. वांग्यांना त्यात चांगली जागा आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये निघाला. परमुलखात बसून माणूस आपल्या गावच्या पाककृती लिहून ठेवतो, ते केवळ जिभेसाठी नसावे.

भावाच्या कार्डावर आणखी एक नाव होते, 'पिंचोस मोरुनोस', म्हणजे मूरांच्या सळया. आपले सीखच. आज स्पेनमध्ये ते बहुधा डुकराच्या मांसाचे करतात. नाव मूरांचे आणि मांस ते! हसावे की काय करावे कळेना.

मी त्याला लिहिले: जैतून घे, पालक-चणे घे, वांगी घे, पण कशात तळतात ते विचार. कोफ्त्यांना हात लावू नकोस. तासाभराने त्याचे उत्तर आले: "वांगी जैतुनाच्या तेलात तळली आहेत. वर काकवीच आहे, आपा. अम्मीला सांगू नको, पण मीठ तिच्यापेक्षा बेताचं आहे."