अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची किंवा वाटीची सवय लावताना

आमची लेक ११ आठवड्यांची असताना आम्ही पहिल्यांदा बाटली बाहेर काढली. तिने निपल जिभेने बाहेर ढकलले आणि शेजारपाजार गोळा होईल असा सूर लावला. पुढच्या सोमवारी आईची रजा संपत होती. त्या आठवड्यात आमच्या घरात तिघे जण रडले, आणि बाळ त्यातले एकच होते.

अमेरिकेत १९९३ च्या एफएमएलए कायद्यानुसार पात्र नोकरदाराला १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. काही राज्यांत आणि काही कंपन्यांत परिस्थिती बरी आहे. पण मंडळातल्या बऱ्याच घरांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी इथे एकत्र मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याचे वजन नीट वाढत नसेल तर आधी पीडियाट्रिशनशी बोला.

सुरुवात कधी करावी?

अंगावर पिणे नीट जमले की, म्हणजे साधारण ३ ते ४ आठवड्यांनंतर, बाटली द्यायला हरकत नाही असे इथले डॉक्टर सांगतात. त्याआधी घाई नको. मात्र फार उशीरही नको, कारण दोन-तीन महिन्यांच्या बाळाला आपली आवड-नावड चांगली कळू लागलेली असते. कामावर जाण्याच्या किमान ३-४ आठवडे आधी रोज एकदा, अर्धा ते एक औंस (१ औंस म्हणजे सुमारे ३० मिली) एवढेच देऊन पाहा. एकदा घेतली म्हणून पुढे सोडून देऊ नका, नाहीतर सवय मोडते.

बाळ नाही का म्हणते?

अंगावर पिताना दुधाचा वेग बाळाच्या हातात असतो. बाटलीतून मात्र दूध आपोआप तोंडात येत राहते. निपलचा स्पर्श वेगळा, वास वेगळा, आणि शेजारी आई असेल तर 'खरी वस्तू इथे असताना हे कशाला?' हा बाळाचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा हट्टीपणा नाही, आणि आईची चूक तर मुळीच नाही.

काय करून पाहावे?

१. पहिले काही दिवस बाटली आईने न देता बाबांनी किंवा आजीने द्यावी. आईने दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्यतो घराबाहेर जावे.

२. बाळ कडाडून भुकेले होण्याची वाट पाहू नका. अर्धवट भूक असताना किंवा झोपेतून उठताना बाळ शांत असते, ती वेळ चांगली.

३. सगळ्यात कमी प्रवाहाचे निपल वापरा. ते आधी कोमट पाण्यात धरून गरम करा.

४. बाळाला जवळजवळ बसते धरा आणि बाटली आडवी ठेवा. निपल ओठांना लावून थांबा, बाळाने तोंड उघडले तरच आत द्या. चार-सहा घोटांनंतर बाटली खाली झुकवून विश्रांती द्या. मध्ये ढेकर काढा.

५. काही बाळांना मांडीवर घेतले की अंगावर पिण्याचीच आठवण होते. त्यांना बाहेरच्या दिशेला तोंड करून, फेऱ्या मारत देऊन पाहा.

६. रडू लागले की थांबा. दहा मिनिटे पुष्कळ झाली. जबरदस्ती केली तर ठसका लागू शकतो, आणि बाळ बाटली दिसताच तोंड फिरवू लागते.

आम्ही दोघेही आयटीतले, तरी डीबगिंगचा पहिला नियम घरी विसरलो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही एकाच दिवशी बाटली, निपल, खोली आणि माणूस असे सगळे बदलत होतो. मग कशाने काय झाले ते कळणार कसे?

दुधाची चवही तपासा

फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो. दुधातल्या लायपेज नावाच्या एन्झाइममुळे हे होऊ शकते. असे दूध खराब नसते, पण काही बाळे ते नाकारतात. म्हणून पहिल्या प्रयत्नांना ताजे काढलेले दूध वापरा. ताजे घेतले आणि साठवलेले नाकारले, तर दोष बाटलीचा नाही. अशा वेळी दूध साठवण्यापूर्वी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत गरम करून (उकळून नव्हे) लगेच थंड करतात.

बाटली नकोच असेल तर

आमच्या घरी कोंडी फोडली ती ठाण्याहून आलेल्या आजीने. "बाटली कशाला? वाटी-चमचा आण," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हाला ते जुन्या वळणाचे वाटले होते. पण आई जवळ नसताना कपाने दूध पाजणे ही जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलेली पद्धत आहे. भारतात तर १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवरच बंदी आहे.

वाटी, लहान कप किंवा आपले पारंपरिक बोंडले, काहीही चालेल. बाळाला बसते धरा, कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठांना लागेल इतकेच तिरके करा. बाळ जिभेने चाटून किंवा भुरके मारून घेते. तोंडात ओतू मात्र नका. सुरुवातीला थोडे सांडते, म्हणून गळ्याखाली फडके बांधा. सहा महिन्यांच्या आसपासच्या बाळाला बाटली न शिकवता थेट कपच द्यावा, कारण पुढे बाटली सोडवण्याचे काम वाचते.

डेकेअरला वाटी-चमच्याने पाजतील का, हे आधीच विचारा. अनेक ठिकाणी तेवढा वेळ नसतो.

किती आणि कसे साठवावे?

• एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण २५ औंस दूध पिते. आठ वेळा पीत असेल तर एका वेळचे ३ औंसांच्या आसपास. मोठी बाटली भरून देऊ नका.

• ताजे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे ६ महिने चांगले राहते. फ्रीजमध्ये वितळवलेले दूध पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका.

• उष्टे दूध २ तासांत संपवा किंवा टाकून द्या.

• मायक्रोवेव्ह वापरू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

• सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. आजी-आजोबांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आईसाठी एक माहिती: २०२२ च्या पंप कायद्यानुसार बहुतेक नोकरदार मातांना बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दूध काढण्यासाठी वेळ आणि बाथरूम सोडून वेगळी खाजगी जागा मिळण्याचा हक्क आहे. मॅनेजरला आधीच ईमेल करा.

काळजी केव्हा करावी?

काही बाळे दिवसभर अगदी थोडे पितात आणि संध्याकाळी व रात्री आईकडून भरपाई करून घेतात. दिवसात ६ किंवा जास्त ओले डायपर असतील आणि वजन वाढत असेल तर घाबरू नका. डायपर कोरडे राहू लागले, बाळ मलूल वाटले किंवा टाळू खोल गेली तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

आमच्या लेकीने पहिल्या सोमवारी आजीच्या हातून वाटीने जेमतेम ३ औंस घेतले आणि रात्रभर आईला सोडले नाही. दोन आठवड्यांनी बाबांच्या हातून बाटलीही घेतली. तिला बाटली आवडली असे अजूनही वाटत नाही, पण तिने चालवून घेतली. त्या आठवड्यात आमच्यात सगळ्यात समजूतदार तीच होती.