साठाव्या वर्षीचा उपचार

व्यसन हा तारुण्याचा दोष आहे, अशी समजूत फार जुनी. अमेरिकेत मद्यासक्तांसाठी जी निवासी रुग्णालये निघाली, त्यांच्या उभारणीतही ती दिसते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १८६४ साली असे एक रुग्णालय सुरू झाले. १९४९ साली मिनेसोटातील हेझल्डन येथे सरोवराकाठच्या एका शेतघरात निवासी उपचारांची नवी परंपरा आरंभली. या संस्थांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने होता तो कमावत्या वयाचा पुरुष. मद्यापायी त्याची नोकरी जाते, संसार मोडतो, आणि म्हणूनच त्याचे व्यसन चारचौघांच्या नजरेस येते. उतारवयातील माणसाला जाण्यासारखी नोकरीच उरलेली नसते. त्याचे हात कापले, तोल गेला, विस्मरण झाले, तर ‘वय झाले’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याकडची. पण तिच्यातील समजूत कोणत्याही देशाला परकी नाही.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९७८ साली, आणि तो एका भूतपूर्व राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीमुळे.

बेटी फोर्ड यांचा जन्म ८ एप्रिल १९१८ चा. त्या सोळा वर्षांच्या असताना, १९३४ साली, त्यांचे वडील बंद गॅरेजमध्ये मोटारीच्या विषारी धुराने दगावले. वडिलांना मद्याचे व्यसन होते, हे मुलीला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतरच. पुढे मार्था ग्रॅहॅम यांच्याकडे नृत्याचे शिक्षण, एक मोडलेला विवाह, आणि १९४८ साली जेरल्ड फोर्ड यांच्याशी दुसरा विवाह. पती काँग्रेसचे सदस्य. त्यांचे दिवस दौऱ्यांत जात. चार मुलांचा संसार एकटीने ओढावा लागे. १९६४ साली मानेतील नस दबली आणि डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. मागाहून मन शांत करणाऱ्या गोळ्यांची भर पडली. यांपैकी काहीही चोरून आणलेले नव्हते. प्रत्येक गोळीमागे डॉक्टरांची चिठ्ठी होती, आणि सायंकाळच्या मद्याच्या पेल्यामागे प्रतिष्ठित समाजाची रीत होती. वृद्धांच्या व्यसनाला असे सभ्य आवरण नेहमीच लाभते. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, यकृताचे काम मंदावते, आणि पूर्वी पचणारी मात्रा पचेनाशी होते. गोळी व मद्य एकत्र आली की दोहोंचा परिणाम वाढतो.

१९७७ च्या जानेवारीत फोर्ड दांपत्याने व्हाइट हाउस सोडले आणि ते कॅलिफोर्नियातील रँचो मिराज येथे राहावयास गेले. मुले पांगली होती, दिवस रिकामे होते. १ एप्रिल १९७८ रोजी पती, मुले, सून, एक परिचारिका व नौदलातील डॉक्टर जोझेफ पर्श अशी सारी मंडळी त्यांच्यासमोर बसली आणि एकेकाने आपला अनुभव सांगितला. पतीने रात्री त्या पडल्याची आठवण दिली. धाकट्या मुलाने आपण रांधलेल्या जेवणाला आई उठली नाही, हे सांगितले. थोरल्या सुनेने आपल्या होणाऱ्या मुलांना धडधाकट आजी हवी, असे बोलून दाखविले. बेटी फोर्ड संतापल्या, रडल्या, आणि अखेर तयार झाल्या. साठावा वाढदिवस घरीच पार पडला. त्यानंतर त्या लाँग बीच येथील नौदलाच्या रुग्णालयात दाखल झाल्या.

तेथे चार खाटांची खोली पाहून त्या उंबऱ्यातच अडल्या. त्यांनी स्वतंत्र खोली मागितली. डॉक्टर पर्श यांनी नकार दिला नाही. तसा आग्रहच असेल तर आतील स्त्रियांना दुसरीकडे हलवितो, एवढेच ते म्हणाले. बाईंनी मागणी सोडली. उपचाराची खरी सुरुवात औषधापेक्षा या क्षणी झाली, असे म्हणावयास हरकत नाही. कारण पदामुळे आलेले एकटेपण तेथेच प्रथम मोडले. तरीही त्यांच्या पहिल्या निवेदनात केवळ औषधांचा उल्लेख होता. मद्याचे व्यसन मान्य केल्यास पतीची मानहानी होईल, हे त्यांचे म्हणणे. पतीने ते साफ खोडून काढले. २१ एप्रिल रोजी त्यांनी मद्याचीही जाहीर कबुली दिली. सुमारे चार आठवड्यांनी त्या घरी परतल्या. आत्मचरित्र लिहून जवळजवळ पूर्ण झाले होते. त्याला लाँग बीचचे प्रकरण जोडावे लागले.

१९८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी शेजारी लेनर्ड फायरस्टोन यांच्यासह रँचो मिराज येथे बेटी फोर्ड सेंटर उघडले. फायरस्टोन यांनीही उतारवयातच मद्य सोडले होते. येथील निम्म्या खाटा स्त्रियांसाठी राखलेल्या होत्या, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

मात्र फोर्ड कुटुंबाने जी रीत अवलंबिली, ती सर्व वृद्धांना मानवेलच असे नाही. १९९८ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने साठीपुढील व्यसनाविषयी तज्ज्ञांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि या प्रश्नाला ‘अदृश्य साथ’ असे नाव दिले. वृद्धासमोर एकदोघांहून अधिक नातलग नसावेत, नातवंडे तर नसावीतच. उपचाराची गती संथ असावी, समवयस्कांचा गट असावा, शब्द बोचरे नसावेत. आणि वियोग, एकाकीपण, पूर्वीचे आघात यांविषयी बोलण्यास वाव असावा, असा तिचा रोख होता. नातवंडांदेखत लाज गेली, तर म्हातारा माणूस औषधापेक्षा मौन पत्करतो, हे घरोघरी दिसते.

बेटी फोर्ड ८ जुलै २०११ रोजी निवर्तल्या. तेव्हा त्यांचे वय ९३ होते. त्यांच्या केंद्राचे अध्यक्षपद २००५ सालीच कन्या सुसान यांच्याकडे आले होते. मार्चअखेरीस आईशी या विषयावर बोलण्याचा प्रयत्न तिनेच प्रथम केला होता, आणि त्या वेळी आईने तिला घराबाहेर काढले होते.