हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या फोर्ट भागातील ऐतिहासिक व्यापारी चौक. मध्ये वर्तुळाकार बाग आणि तिच्याभोवती कमानदार इमारतींची वळती रांग. जुने नाव एल्फिन्स्टन सर्कल.

किल्ल्यातले हे मोकळे मैदान बॉम्बे ग्रीन म्हणून ओळखले जाई. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलेपर्यंत येथे गासड्यांचे ढीग लागत. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलालांचे सौदे होत. पुढे मैदानाची रया गेली, कचरा साचू लागला. तेव्हा पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी येथे गोलाकार चौक उभारण्याची कल्पना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलून धरली व बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ती मार्गी लागली. जागेचे भूखंड पाडून ते इंग्रज पेढ्यांना विकण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा खेळत होता. १८७२ च्या सुमारास चौक पुरा झाला.

मालक वेगवेगळे, पण दर्शनी भाग सर्वांचा एकाच इटालियन वळणाचा. मुंबईच्या नगररचनेतील ही शिस्त आजही अनुकरणीय वाटते. तळमजल्याला सलग कमानी असून त्यांच्या आडोशाने भर पावसातही पादचाऱ्याला कोरडे चालता येते. चालताना मान वर करून पाहावे: कमानींच्या माथ्यावरील दगडांत चेहरे कोरलेले आहेत. पूर्वेला कर्नल टॉमस काउपर यांचा टाऊन हॉल (१८३३) आपल्या डोरिक खांबांनी व रुंद पायऱ्यांनी साऱ्या चौकाला तोलून धरतो. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तेथेच आहे. पश्चिमेला सेंट टॉमस कॅथीड्रल (१७१८).

स्वातंत्र्यानंतर चौकाला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ब्रिटिश असूनही ते स्वराज्याच्या बाजूने लिहीत. सरकारने १९१९ मध्ये त्यांना हद्दपार केले होते. गव्हर्नरच्या जागी पत्रकाराचे नाव, हा बदल मुंबईला शोभणाराच.

इमारतींत आजही बँका व कचेऱ्या आहेत. दर्शनी भाग सलग असल्याने एका मालकाने लावलेली भडक पाटी किंवा वातानुकूलन यंत्र साऱ्या रांगेला बाधते. म्हणून येथे एकेका इमारतीचे नव्हे, पूर्ण वर्तुळाचे जतन व्हावे लागते.