हिंगाची डबी

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. भाची, जावई आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहायला येणार होते. मुलाला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, जव यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. औषध नाही, जन्मभराचं पथ्य तेवढं.

मी म्हटलं, त्यात काय! चकली भाजणीची, अनारसे तांदळाचे, लाडू बेसनाचे, चिवडा पोह्यांचा. करंज्या केल्याच नाहीत. शंकरपाळी सगळ्यात शेवटी तळली, म्हणजे तेल एक व्हायला नको. (स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते, हे कबूल करते.)

पाडव्याच्या रात्री पोराचं पोट बिघडलं. भाचीने एकेक डबा उघडून पाहिला आणि हिंगाची डबी माझ्या हातात ठेवली. "मावशी, हे वाच." बाजारचा हिंग नुसता नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. माझ्या डबीवर तसं छापलेलंही होतं. त्यानेच झालं की आणखी कशाने, हे आता सांगता येणार नाही. पण चिवड्याच्या फोडणीत हिंग घालणारी मीच.

नंतर या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. रोगी बरा होईल तर आहारानेच, हेही त्यांनी ओळखलं. पण पथ्य काय सांगितलं? तांदूळ, साबुदाणा नको. दोन्ही बाजूंनी भाजलेला पातळ पाव चालेल! म्हणजे आपली खिचडी बंद आणि टोस्ट चालू. त्यांनीच नोंदवलेलं एक मूल रोज डच शिंपल्या खाऊन छान सुधारलं. हंगाम संपला आणि पुन्हा आजारी पडलं. पुढच्या वर्षी ते शिंपल्यांना तोंड लावेना. बिचारं!

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळी द्यायला सुरुवात केली. पाव, बटाटा बंद. मुलं सुधारली आणि श्रेय गेलं केळ्याला. पाव बंद झालाय, याकडे कोणी नीट पाहिलं नाही.

ते पाहिलं हेगच्या बालरुग्णालयातले विलेम डिके यांनी. १९३० च्या दशकापासूनच त्यांचा गव्हावर संशय होता. मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न पोहोचेना. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले, सुमारे २०,००० माणसं गेली. पाव जवळजवळ दिसेनासा झाला, आणि आश्चर्य म्हणजे ही मुलं त्या उपासमारीतही बरी दिसू लागली. डिके यांचा संशय पक्का झाला. १९५० साली त्यांनी उट्रेख्टला प्रबंध सादर केला. पुढे व्हान दे कामर आणि वायर्स यांच्याबरोबर मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजून दोष ग्लूटेनचाच, हे दाखवून दिलं. शहर भुकेने मरत असताना पथ्याचा पुरावा मिळावा, हे वाचून मला कसंतरीच झालं.

एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी टोस्ट दिला होता, हा मला थोडा दिलासा. पण थोडाच. त्यांच्यापुढे छापील डबी नव्हती.

आता आमच्याकडे खडा हिंग असतो. गेल्या दिवाळीत तो नऊ वर्षांचा झालेला. आल्या आल्या चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात गेला आणि फडताळातल्या बाटल्या, पुड्या काढून अक्षरं वाचत बसला. भाची ओशाळली, "अरे, आजीला विचार तरी!" मी म्हटलं, वाचू दे. थोड्या वेळाने त्याने सोया सॉसची बाटली आणून ओट्यावर वेगळी ठेवली.

तिच्यात गहू असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.