अमझेऱ्याच्या विजयाचा मानकरी कोण?

फुटबॉलचा सामना संपला की मैदानावरची धूळ बसण्यापूर्वीच एक वाद उभा राहतो : आजच्या विजयाचा खरा मानकरी कोण? गोल करणाराचे नाव प्रथम ओठांवर येते. परंतु ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक ज्या गोव्याने पाहिला, तेथील जाणता प्रेक्षक लागलीच विचारतो, गोल वाचविणाराचे काय? आणि चेंडू पुढे आणून देणाराचे काय? हाच प्रश्न आज आम्ही माळव्यातील एका रणमैदानाविषयी विचारणार आहोत. कारण धार आणि देवास या दोन मराठी राज्यांच्या उदयाशी त्या मैदानाचा निकटचा संबंध आहे.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारेच्या पश्चिमेस अमझेरा येथे माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादुर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादुर हे दोघेही मराठ्यांशी लढताना पडले. मराठे अमझेऱ्याच्या घाटाने वर येतील अशा अटकळीने सुभेदार तेथे दबा धरून बसला होता. मराठे मांडवगडाजवळच्या घाटाने चढले आणि त्याच्या पिछाडीवर येऊन कोसळले. सेनेचे नायक चिमाजी आप्पा. वय अवघे एकवीस. सोबत उदाजी पवार, मल्हारराव होळकर आदी सरदार. थोरले बाजीराव त्या वेळी वऱ्हाडाच्या वाटेने निराळ्या स्वारीवर होते.

मग श्रेय कोणाचे? जुन्या इतिहासांतून या दोन मोगल सरदारांचा पाडाव दोन निराळ्या लढायांत व निराळ्या वर्षी झाल्याचे लिहिलेले आढळते, आणि तिरल्याच्या लढाईचे यश विशेषेकरून मल्हाररावांच्या पदरी घातले जाते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० नंतर पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले, सीतामऊचे डॉ. रघुवीरसिंह यांनी १९३६ साली माळव्याच्या स्थित्यंतरावर ग्रंथ लिहिला, आणि हा घोळ उलगडला. मल्हाररावांच्या पराक्रमास यामुळे उणेपणा येत नाही. मात्र एक बोध होतो : ज्याचे घराणे पुढे वाढते, त्याच्याकडे मागचे श्रेयही वाहत जाते.

चिमाजी आप्पांचा अधिकार नायकाचा. जोखीम त्यांची, म्हणून यशही त्यांचे, हे मान्य. तथापि एकाच नावावर बोट ठेवावयाचे झाल्यास आमचे मत उदाजी पवारांकडे झुकते. या मोहिमेपूर्वी कित्येक वर्षे त्यांनी माळव्यात घोडी नाचविली होती. तेथील वाटा, घाट आणि जमीनदार यांची त्यांना जुनी ओळख होती. घाटाच्या निवडीवर जी लढाई जिंकली गेली, तीत अशा ओळखीचे मोल तलवारीहून कमी कसे मानावे?

परंतु उदाजींच्या हाती मान टिकला नाही. पेशव्यांशी त्यांचे बिनसले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत ते त्रिंबकराव दाभाड्यांच्या पक्षास होते, आणि पेशव्यांच्या हाती सापडले. धारेची गादी पुढे त्यांचे बंधू आनंदराव यांच्या वंशात चालली. येथेच आमचे म्हणणे आहे. राज्य कोणास द्यावे हा निष्ठेचा प्रश्न असेल. १७२८ साली काय घडले हा सत्याचा प्रश्न आहे. पुढच्या अपराधाने मागचे कर्तृत्व पुसले जाऊ नये. रागावलेल्या धन्याने वतन काढून घ्यावे, इतिहासाने मात्र नाव काढून घेऊ नये.

श्रेय समसमान वाटले तर वाद मिटेल काय? याचे उत्तर देवासने दिले आहे. उदाजींचे चुलतबंधू तुकोजी व जिवाजी यांच्यात देवास वाटले गेले आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. गावे एकमेकांत मिसळलेली. बाजारपेठेतील रस्त्याची एक बाजू एकीची, दुसरी दुसरीची. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनाही या व्यवस्थेचे नवल वाटले. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, तेव्हा ती वाटणी संपली. तराजूने तोललेला मान भावाभावांतही भिंत घालतो, एवढे तिने शिकविले.

त्याच देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांची स्थाने आहेत. लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात, बहिणी मानतात. भाविक टेकडी चढतो, दोघींचे नाव स्वतंत्रपणे घेतो, दोघींपुढे माथा टेकतो. एकीला वाहिलेल्या फुलाने दुसरीचे काही उणे होत नाही. अमझेऱ्याच्या वीरांनाही हाच न्याय लागू करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. चिमाजींचे नेतृत्व, मल्हाररावांचा पराक्रम, उदाजींची वाटांची जाण. प्रत्येकाचे देणे त्याच्या नावाने मोजावे, आणि त्यात उदाजींचे नाव विसरू नये.